सिस्टरच्या गाडीचा टर्बो

सिस्टरची गाडी फाटकातून आत आली तेव्हा मिस्त्री दुसऱ्याच एका गाडीखाली, खड्ड्यात उभा होता. त्याला गाडी दिसली नाही, ऐकू आली. आधी एक बारीक, ताणलेली शिट्टी आणि तिच्यामागे जुन्या डिझेल इंजिनाची घोगरी घरघर. शिट्टी नवीन होती. घरघर ओळखीची होती, आणि ती ओळखल्याबरोबर मिस्त्रीच्या हातातला पान्हा जागच्या जागी थांबला.

मग निळसर धूर जमिनीलगत सरकत खड्ड्याच्या तोंडाशी आला आणि धुरामागून दोन पांढरे कॅनव्हासचे बूट.

"आहात का?" वरून आवाज आला.

"आहे," मिस्त्री खालून म्हणाला. बाहेर मात्र तो लगेच आला नाही. एक नट आधीच पुरेसा घट्ट होता, तो त्याने आणखी घट्ट केला.

ते बूट घातलेल्या बाई म्हणजे सिस्टर. रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर त्या घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायच्या. सगळं जग त्यांना सिस्टर म्हणायचं. मिस्त्री तेवढा विहीणबाई म्हणायचा. म्हणजे वर्षभरापूर्वीपर्यंत म्हणायचा. त्याची एकुलती एक मुलगी सिस्टरच्या मुलाची बायको होती.

ते लग्न मोडलं ते कुणाचं काही लफडं निघालं म्हणून नव्हे. दोघांचं पटलं नाही, इतकंच. मुलगा घरांचे नकाशे काढायचा आणि घरी आल्यावर नकाशात लिहितात तेवढंच बोलायचा. मिस्त्रीची मुलगी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर बाटल्यांशी मुक्यानं काम केल्यावर तिला संध्याकाळी बोलायला माणूस हवं असायचं. काही वर्षं त्यांनी रेटलं आणि मग शहाण्या माणसांसारखे वकिलाकडे गेले. 'शहाण्या माणसांसारखे' हे मिस्त्रीच्या बायकोचे शब्द. मिस्त्रीला त्यात काडीचंही शहाणपण दिसलं नव्हतं. कडाक्याचं भांडण झालं असतं तर निदान एक बाजू धरता आली असती. इथे बाजूच नव्हती. म्हणून त्याने सगळ्यांशीच बोलणं टाकलं. जावयाशी टाकलं, विहीणबाईंशी टाकलं, आणि मुलगी माहेरी राहायला आली तेव्हा काही दिवस तिच्याशीही टाकून पाहिलं. पण एका घरात ते जमलं नाही.

तो शिडी चढून वर आला. फडक्याला हात पुसत म्हणाला, "काय होतंय सिस्टर?"

हा शब्द त्याच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. भुवई जराशी वर गेली आणि खाली आली.

"चढावर दम लागतो," त्या म्हणाल्या. पेशंटची माहिती डॉक्टरला देतात तशाच त्या गाडीबद्दल बोलत होत्या. "आधी फक्त सकाळी धूर यायचा. आता सिग्नलला उभी राहून निघाली की मागचा माणूस दिसेनासा होतो. शिट्टी महिन्याभरापासून. तेल फार पिते. भूक नाही, वजन उतरलंय."

"गाडीचं?"

"नाही, माझं. गाडीच्या काळजीनं."

मिस्त्री हसला नाही, पण बॉनेट उघडायला वळला तेव्हा त्याची मान मघापेक्षा सैल होती.

"दोघांना दाखवली," सिस्टर मागून सांगत होत्या. "एक म्हणाला इंजिन उतरवावं लागेल. दुसऱ्यानं दारातूनच सांगितलं, भंगारात द्या."

"दोघंही शहाणे." मिस्त्रीने तेल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. पट्टीच्या टोकाला जे चिकटून आलं होतं त्याला तेल म्हणणं जिवावर यावं. ते डांबरासारखं काळं होतं आणि ओघळायला तयार नव्हतं.

"तेल कधी बदललं होतं?"

"तुम्ही बदललं होतं ना."

"ते नाही विचारत. शेवटचं कधी?"

"तेच शेवटचं."

मिस्त्री पट्टी पुसत राहिला. ती स्वच्छ झाली तरी पुसत राहिला.

"दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्यायचं," तो शेवटी म्हणाला.

"घेणार होते. पण जिथे जावं तिथे तुमच्या ओळखीचा माणूस. 'का हो सिस्टर, तुमचे व्याही तर मिस्त्री, मग आमच्याकडे कशा?' त्यांना काय सांगणार होते? म्हटलं, कमी झालं की वरून ओतू. तेच करत आले."

मिस्त्रीने पट्टी जागेवर खोचली. त्याने कामाला सुरुवात केली. धूर आणि शिट्टी म्हटल्यावर त्याच्या मनात इंजिनात जोराने हवा कोंबणारा टर्बोच आला होता. पण मनात आलं म्हणून पान्हा लावायचा नाही, ही त्याची जुनी सवय. हवेचे रबरी पाइप त्याने एकेक करून हातात दाबून पाहिले. पाइपला चीर असली तरी शिट्टी वाजते आणि गाडीचा दम जातो. एक क्लॅम्प ढिला निघाला. क्षणभर त्याला वाटलं, एवढ्यावरच भागलं तर बरं. गाडी आत्ताच्या आत्ता फाटकाबाहेर जाईल. त्याने तो आवळला. एअर फिल्टर काढून पाहिला. फिल्टर ठीक होता.

"चालू करा आणि थोडं दाबा," तो म्हणाला. "हळू."

सिस्टर आत बसल्या. इंजिन सुरू झालं, आवाज वाढला, शिट्टी वाढली. मिस्त्री कान लावून वाकला. शिट्टी पाइपातून येत नव्हती, खोल मागून येत होती. त्याने हातानेच 'बस' अशी खूण केली.

आवाज खाली आला नाही. चढला.

"पाय काढा!"

"काढलाय!"

इंजिन आणखी चढलं. मागून धुराचा पांढरा लोट सुटला आणि पत्र्याच्या भिंतीवर आदळून परत फिरला.

"बंद करा ना!"

खिडकीतून सिस्टरचा हात बाहेर आला. हातात किल्ली होती. "केलीये बंद!"

मिस्त्रीला कळून चुकलं. टर्बो आतून फुटला की इंजिन स्वतःचंच तेल हवेबरोबर ओढायला लागतं आणि तेच जाळत सुटतं. मग त्याला डिझेल लागत नाही आणि किल्लीचीही पर्वा राहत नाही. तेल संपेपर्यंत किंवा आतलं काहीतरी तुटून बाहेर येईपर्यंत ते धावतं. हे त्याने इतर मिस्त्र्यांच्या तोंडून बरेचदा ऐकलं होतं. इंजिनाचा आवाज आता इतका वाढला होता की कपाटातले पान्हे किणकिणत होते. तो गाडीच्या दरवाज्याकडे धावला.

"पाचवा टाका! ब्रेक गच्च दाबा आणि क्लच एकदम सोडा!"

सिस्टरनी 'काय' असं विचारलं नाही. क्लच दाबला, गिअर टाकला, ब्रेकवर जवळजवळ उभ्याच राहिल्या आणि क्लच सोडून दिला. गाडीने हिसका खाल्ला, नाक जमिनीला लावल्यासारखं केलं, जुन्या टायरच्या ढिगाकडे हातभर सरकली, थरथरली आणि गप्प झाली.

अंगणात काही दिसत नव्हतं. धूर विरळ झाला तेव्हा फाटकाशी एक सायकलवाला थांबलेला दिसला. टाळ्या वाजवाव्यात की पळावं, हे त्याचं ठरत नसावं. मग तो निघून गेला.

सिस्टर उतरल्या, दार व्यवस्थित लावलं, टायरच्या ढिगापर्यंत आल्या आणि बसल्या. दोन्ही हात पुढे धरून त्यांनी पाहिले. हात स्थिर होते.

"तुम्ही घाबरला नाहीत," मिस्त्री म्हणाला. त्याचा स्वतःचा श्वास अजून जाग्यावर आला नव्हता.

"घाबरायचं नंतर असतं," त्या म्हणाल्या. "आत्ता घाबरतेय."

तेवढ्यात वरच्या जिन्यावर मिस्त्रीची बायको आली. वरच्या खोलीत ती मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. गळ्यात अजून टेप लोंबत होता. "काय फुटलं?" ती ओरडली आणि मग तिने टायरवर बसलेल्या बाईंना पाहिलं. "अगंबाई! विहीणबाई, आधी वर या. आणि तुम्ही हो? त्यांना आत बसवून इंजिन पेटवताय?"

ती खाली आली, सिस्टरना हाताला धरून वर घेऊन गेली. तिला आवाजाचं आश्चर्य वाटलं होतं, माणसाचं वाटलं नव्हतं. मिस्त्रीच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

इंजिन निवल्यावर त्याने सगळ्यात आधी लांब दांडीचा पान्हा लावून ते हाताने फिरवून पाहिलं. कुठे अडत नव्हतं, घासत नव्हतं. इंजिन वाचलं होतं. मग त्याने टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढला. पाइपातून वाटीभर तेल त्याच्या मनगटावर सांडलं. त्याने आत बोट घातलं आणि मधला शाफ्ट हलवून पाहिला. चांगल्या टर्बोचा शाफ्ट हलतो न हलतो इतकाच हलतो. हा पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा डुगडुगत होता. पात्यांच्या कडा डब्याच्या भिंतीला घासून कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

तो वर जाऊन दारातच उभा राहिला. आत दोघी बायका शिवायच्या कव्हरांच्या ढिगात बसून चहा पीत होत्या.

"टर्बो गेलाय," तो म्हणाला. "इंजिन उतरवायचं कारण नाही. गाडी चांगली आहे."

"बरी होईल?" सिस्टरनी विचारलं.

"होईल. दुसरा टर्बो मागवावा लागेल. चार दिवस गाडी इथे ठेवा."

टर्बो बाहेर काढायलाच त्याला अख्खी दुपार लागली. एवढ्या वर्षांच्या उष्णतेने नट स्टडच्या आट्यांना चिकटून एकजीव झाले होते. त्याने गंज सोडवायचं तेल मारलं, थांबला, तापवलं, थांबला, आणि दर वेळी थोडं पुढे, थोडं मागे असं करत एकेक सोडवला. शेवटचा तुटलाच. तुटलेला स्टड काढता काढता त्याने मनातल्या मनात ज्यांना शिव्या घातल्या त्यांत गाडी बनवणारे होते, वकील होता आणि नकाशे काढणारा एक तरुण होता. त्या तरुणाचं त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं. रविवारी तो गॅरेजमध्ये येऊन बसायचा. काही बोलायचा नाही, नुसता बघायचा, मध्येच हवा तो पान्हा न मागता पुढे करायचा. मुलीचं लग्न मोडलं त्याचं दुःख करायला मिस्त्रीला मुभा होती. रविवारच्या त्या माणसाबद्दल कुणापाशी बोलावं, हे त्याला कधी सुचलं नाही.

टर्बो आला. जुन्याच कवचात नवा गाभा बसवलेला, दोन्ही तोंडांना प्लास्टिकची टोपणं लावलेला. मिस्त्रीच्या बायकोने सिस्टरना फोन केला आणि सकाळची घरं उरकून त्या बसने आल्या. येऊन त्यांनी पदर खोचला आणि सरळ गाडीपाशी उभ्या राहिल्या.

"तुम्ही वर बसा," मिस्त्री म्हणाला.

"बघते ना. मध्ये येणार नाही."

मिस्त्रीला घाई होती. मुलगी संध्याकाळी कामावरून परत यायची. त्याआधी गाडी जोडून, चालू करून, फाटकाबाहेर घालवायची आणि अंगण धुऊन टाकायचं, असा त्याचा बेत होता. सासू आणि सून समोरासमोर आल्या तर काय होईल, याचा विचारसुद्धा त्याला नको होता. त्याने जुनी गॅस्केट खरवडली, नवी लावली, नवा टर्बो उचलून जागेवर धरला.

"हा मेला कशानं?" सिस्टरनी विचारलं.

"कोण?"

"जुना टर्बो."

"जुना होता."

"जुनी तर मीही आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे असं कुणी लिहून दिलं तर मोठ्या डॉक्टर फाडून टाकायच्या. कारण लिहा म्हणायच्या."

मिस्त्रीला राग आला. राग आला कारण बाईंचं म्हणणं बरोबर होतं आणि ते त्याला सकाळपासून माहीत होतं. हे तो दुसऱ्यांना बजावून सांगायचा: टर्बो मरत नाही, मारला जातो, ज्यानं मारलं ते शोधलं नाही तर नवाही तसाच जातो. एरवी त्याने तेलाची नळी आधी काढली असती. आज घाई होती म्हणून त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं होतं.

त्याने टर्बो परत बाकड्यावर ठेवला. इंजिनाकडून टर्बोला तेल नेणारी बारीक नळी सोडवली, एका टोकाला कॉम्प्रेसरच्या हवेचा पाइप लावला, दुसऱ्या टोकासमोर तळहात धरला आणि खटका दाबला. तळहाताला काही लागलं नाही. पुन्हा दाबला. झुळूकसुद्धा नाही.

"बंद पडलीये?" सिस्टर पुढे झाल्या.

"पूर्ण." त्याने नळी त्यांच्या हातात दिली. आत काळा कोळसा दाटून बसला होता. "तेल पोचतच नव्हतं. कोरडाच फिरत होता बिचारा."

"नवी नळी?"

"नवी नळी तर आहेच. पण हा गाळ नळीत आला म्हणजे खाली तेलाच्या टाकीत किती असेल. टाकी काढावी लागणार. आज होत नाही."

हे म्हणताना तो हताश दिसला असावा, कारण सिस्टर म्हणाल्या, "उद्या येते मग." पण उशीर झालाच होता. फाटकाशी स्कूटर थांबली. मिस्त्रीची बायको त्याच वेळी चहाचे कप न्यायला खाली आली होती.

"आई!" फाटकातून मुलीची हाक आली.

मिस्त्रीची बायको वळली आणि सिस्टरही वळल्या.

मुलगी हेल्मेट काढत सरळ सिस्टरकडे गेली. "आई, तुम्ही उभ्या काय? गुडघ्याचं काय सांगितलं होतं मी? कालच तर बोललो आपण." मग तिला बाबा दिसले आणि तिने जीभ चावली.

कुणी काही बोलायच्या आत मिस्त्री शिडी उतरून खड्ड्यात गेला. सिस्टरची गाडी त्याने या दिवसांत खड्ड्यावर घेतलेली होती. टाकीचे बोल्ट सोडवायचे होतेच. खालून त्याला तिघींचे पाय दिसत होते, पांढरे बूट, चपला आणि सँडल. कुजबूज ऐकू येत होती. मग सँडल जवळ आली आणि मुलगी खाली वाकून बसली.

"बाबा."

"तिथली ताटली दे."

तिने ताटली दिली. त्याने तीत बोल्ट टाकले.

"तू बोलतेस त्यांच्याशी."

"हो. फोनवर, मधूनमधून. कधी भेटतोही."

"गाडीचं माहीत होतं?"

"मीच म्हटलं, बाबांकडे न्या. किती दिवस मागे लागले होते. त्या म्हणायच्या, त्यांना आवडणार नाही."

"आईला माहीत आहे?"

"आईही बोलते."

मिस्त्रीने आणखी एक बोल्ट ताटलीत टाकला. "म्हणजे मी एकटाच गाढव."

"एकटे नाही. तोही तसाच आहे. कुणाशी बोलत नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पाण्याच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तशी ती सांगत होती. "बाबा, मोडलं ते आमचं दोघांचं. तुम्हाला कुणी मोडायला सांगितलं नव्हतं."

मिस्त्रीने शेवटचा बोल्ट काढला आणि टाकी दोन्ही हातांवर पेलून खाली घेतली. तळाशी खरडून काढावा लागेल असा काळा गाळ होता. तेल शोषून घेणाऱ्या तोंडावरची जाळी, चहाचं गाळणं वर्षभर न धुता ठेवावं तशी, पार बुजून गेली होती. त्याने जाळी वर धरली.

"बघ," तो म्हणाला. "दाखव त्यांना."

मुलगी जाळी घेऊन गेली. वर तिघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं, आता मोकळ्या आवाजात. कुठल्याशा पेशंटची गोष्ट होती. मध्येच मिस्त्रीची बायको खदखदून हसली. मिस्त्री खाली उभा राहून टाकी खरवडत राहिला. त्याला राग शोधूनही सापडेना. ज्या घराला आपण कुलूप लावलं असं त्याला वाटत होतं, तिथे सगळ्या जणी मागच्या दाराने जात-येत होत्या, आणि तो पुढच्या दाराशी राखणीला उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने टाकी, जाळी आणि हवेचे पाइप सगळे धुऊन कोरडे केले, नवी नळी जोडली, नवं तेल भरलं. टर्बो बसवण्याआधी त्याच्या तोंडात चमचाभर तेल सोडून पातं बोटाने फिरवलं. ते बोट काढल्यावरही आवाज न करता फिरत राहिलं.

"या, विहीणबाई," तो म्हणाला. "आत बसा. किल्ली फिरवायची, पण गाडी चालू होणार नाही. डिझेल तोडलंय मी. आधी तेल सगळीकडे पोचू दे."

विहीणबाई आत बसल्या. इंजिन नुसतंच ढकलल्यासारखं फिरत राहिलं. तेलाचा लाल दिवा विझला तेव्हा त्यांनी अंगठा दाखवला. मिस्त्रीने डिझेल जोडलं आणि या वेळी गाडी चालू झाली. सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं तेल जळून जाईपर्यंत थोडा धूर आला. त्या वेळात मिस्त्री एक लाकडी फळी हातात घेऊन इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडाशी उभा होता. पुन्हा तसं झालंच तर तोंड झाकायला. फळी लागली नाही. धूर आधी पातळ झाला, मग थांबला.

"चढावर नेऊन बघायला हवी," तो म्हणाला आणि पान्ह्यांची पिशवी घेऊन शेजारी बसला.

पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्याला चांगला चढ आहे. सिस्टर पूर्वी तिथे दुसऱ्या गिअरवर यायच्या. या वेळी गाडी तिसऱ्यावरच वर गेली. त्यांनी नुसतं 'अरे वा' म्हटलं आणि सवयीने आरशात मागे पाहिलं. मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. मिस्त्री पाइपांकडे कान लावून होता. उतरताना सिस्टरनी विचारलं नाही, गाडी सरळ आपल्या घराच्या दिशेने वळवली आणि इमारतीखाली उभी केली.

"तो घरीच आहे," त्या म्हणाल्या. "हल्ली घरूनच काम करतो. वर येता?"

"हात काळे आहेत."

"साबण आहे आमच्याकडे."

"जोड तपासायचेत," मिस्त्री म्हणाला. "गरम असतानाच बघावे लागतात." तो उतरला आणि त्याने बॉनेट उघडलं. सिस्टर जरा वेळ उभ्या राहिल्या आणि वर गेल्या.

जोड तपासायचे होते हे खरंच होतं. नळीच्या बोल्टाशी अंधार होता, नीट दिसत नव्हतं. मिस्त्री वाकून, मान तिरकी करून बघत होता, तेवढ्यात शेजारून टॉर्चचा उजेड बरोबर त्या बोल्टावर पडला. त्याने वर पाहिलं नाही. घरातल्या चपला आणि शाईचे डाग पडलेली पँट तेवढी दिसली.

"जरा डावीकडे," तो म्हणाला.

उजेड डावीकडे सरकला. जोड कोरडा होता.

"नळी बदलली?" मुलाने विचारलं.

"नळी बदलली, टाकी धुतली. आईनं सांगितलं का?"

"नाही. ही नळी नवी दिसतेय." मग टॉर्च खाली घेत, "मी म्हटलं होतं तिला, तुमच्याकडे न्यायला."

"तूही?" मिस्त्री सरळ उभा राहिला. कंबर धरून त्याने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढली होती, गाल आत गेले होते. "सगळ्या गावानं सांगितलं होतं म्हणायचं. मलाच कुणी सांगितलं नाही."

मुलगा टॉर्च बंद करून हातात फिरवत राहिला.

सिस्टर खांद्याला औषधांची पिशवी लावून खाली आल्या. "मला समोरच्या आजोबांचं ड्रेसिंग आहे," त्या म्हणाल्या आणि किल्ली मुलाकडे टाकली. "सोडून ये यांना."

"मी बसने जाईन," मिस्त्री म्हणाला.

"एवढी पान्ह्यांची पिशवी घेऊन? बसवाला चढू देणार नाही." त्या रस्ता ओलांडून गेल्यासुद्धा.

गाडी निघाली. मुलगा चांगली चालवायचा, फक्त भीतभीत. पुलाच्या चढाला मिस्त्री म्हणाला, "गिअर खाली घे," आणि त्याने घेतला. बाजारपेठेच्या तोंडाशी गर्दी होती. भाजीची गाडी आडवी आली होती. दोघं थांबून राहिले.

"ती बरी आहे?" मुलाने विचारलं.

"कोण, गाडी?"

"नाही."

मिस्त्रीने खिडकीबाहेर पाहिलं. "बरी आहे. बोलत असते."

"हो," मुलगा म्हणाला. "बोलते ती." तो हसल्यासारखा वाटला, बाजूने नक्की कळलं नाही.

भाजीची गाडी सरकली. गॅरेजच्या कोपऱ्यावर त्याने वेग कमी केला. "इथेच उतरवू?"

"आत घे. पिशवी जड आहे."

त्याने गाडी आत घेतली. अंगणात स्कूटर नव्हती, मुलगी कामावर होती. त्याने किल्लीकडे हात नेला तसा मिस्त्रीने तो अडवला.

"लगेच बंद करायची नाही. आत टर्बो अजून जोरात फिरत असतो. मिनिटभर नुसती चालू दे, मग बंद कर. ही सवय लावून घे. आईलाही सांग."

"बरं."

दोघं समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे बघत बसले. जिन्यावर पावलं वाजली. मिस्त्रीची बायको गळ्यातला टेप काढत खाली येत होती. गाडीत कोण आहे हे दिसल्यावर ती उरलेल्या पायऱ्या जरा भरभर उतरली आणि मुलाच्या बाजूच्या काचेवर तिने टकटक केली.

"येतोय," मिस्त्री आतून म्हणाला. "मिनिट होऊ दे."